जुन्या गाडीला ताजे रबरच हवे

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये सध्या एका शब्दाची फार चलती आहे, ‘ओरिजिनल’. आरसा ओरिजिनल, हॉर्न ओरिजिनल, दाराची मूठ ओरिजिनल. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची गाडी तिच्या मूळ रूपात जपायची तर मूळ भाग शोधावेच लागतात, आणि त्या शोधात आनंदही असतो. पण हा हट्ट आता बॉनेटच्या आत, रेडिएटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी होजपर्यंत पोहोचला आहे. पंचवीस-तीस वर्षे गोदामात पडून असलेला होज ‘कंपनीचा न वापरलेला माल’ म्हणून चढ्या भावाने विकला जातो. मालक तो अभिमानाने घेतात आणि मिस्त्रीला बसवायला लावतात. मिस्त्री नको म्हणाला तर त्याला अडाणी ठरवतात. आणि पुढे घाटात तो होज फुटला की दोष मिस्त्रीचाच.

माझे म्हणणे सरळ आहे. रबराचे वय ते गाडीला बसवल्या दिवसापासून मोजायचे नसते, ते कारखान्यात तयार झाले त्या दिवसापासून मोजायचे असते. म्हणून ‘जुना पण न वापरलेला’ होज हा नवा होज नव्हे. तो मुदत संपलेला माल आहे. तो विकणे चूक आहे, मागणे चूक आहे, आणि वय लपवून विकणे ही तर फसवणूक आहे.

भाषा शिकवणाऱ्या मास्तराने रबरावर का बोलावे, असे कुणी विचारील. एक कारण घरातले आहे. आमच्या दारात 1980 च्या दशकातली एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे आणि ती शोभेची नाही, चालती गाडी आहे. दुसरे कारण भाषेचेच आहे. मराठीतला ‘अस्सल’ हा शब्द अरबीतल्या ‘अस्ल’ या शब्दावरून आला. अस्ल म्हणजे मूळ, पाया. उर्दूत त्याचेच ‘असल’ आणि ‘असली’ झाले. अस्सल वस्तू म्हणजे जिचे मूळ शाबूत आहे ती. होजचे मूळ काम एकच आहे, इंजिनातले तापलेले पाणी दाबाखाली, न गळता, इकडून तिकडे नेणे. जो होज ते काम करू शकत नाही, तो कुठल्याही डब्यातून निघालेला असो, त्यावर कुठलाही शिक्का असो, तो अस्सल नाही. अस्सल आहे ते फक्त पाकीट.

पद्मिनीचेच उदाहरण घेतो, कारण महाराष्ट्रात हा बाजार मुख्यतः तिच्या जिवावर चालतो. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून ही गाडी ‘फियाट 1100 डिलाइट’ म्हणून बनू लागली. 1970 च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. 1089 सीसीचे छोटे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, आणि कुणाही मिस्त्रीला उघडता येईल अशी साधी रचना. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबले. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. म्हणजे आज जो दुकानदार म्हणतो, “सर, हा कंपनी चालू होती तेव्हाचा माल आहे,” तो स्वतःच्याच तोंडाने सांगत असतो की हा होज किमान पंचवीस वर्षांचा आहे. आपण त्याचे ते वाक्य वाहवा म्हणून ऐकतो. खरे तर तो कबुलीजबाब आहे.

आता रबराचे काय होते ते पाहू. कच्चे रबर गंधकासारख्या पदार्थाबरोबर तापवून पक्के करतात. त्यात साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रबराला ताकद व लवचीकता येते. पण ही क्रिया कारखान्याबाहेर पडल्यावर पूर्ण थांबत नाही. हवेतला प्राणवायू, ओझोन, उष्णता, ऊन हे सगळे त्या साखळ्यांवर काम करत राहतात. कुठे नव्या गाठी पडून रबर कडक होते, कुठे साखळ्या तुटून ते चिकट आणि मऊ पडते. त्यात घातलेली संरक्षक रसायने हळूहळू खर्च होतात. माल कपाटात होता, कुणी हात लावला नाही, ही सबब इथे चालत नाही. कपाटातही हवा असते. आणि आपल्याकडची कपाटे म्हणजे पत्र्याचे पोटमाळे. एप्रिल-मेच्या उन्हात तिथे काय तापमान असते ते पोटमाळ्यावरून सामान उतरवणाऱ्या पोऱ्याला विचारा.

रबरी वस्तू किती काळ साठवाव्यात यासाठी आयएसओ 2230 नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात रबराचे गट पाडले आहेत. नैसर्गिक रबराच्या गटाला साठवणुकीची 5 वर्षे, आणि तपासणीत पास झाले तर आणखी 2. निओप्रीनच्या गटाला 7, आणि तपासून आणखी 3. आज होजसाठी वापरतात ते ईपीडीएम रबर आणि सिलिकॉन यांच्या गटाला 10, आणि तपासून आणखी 5. हे आकडे अंधाऱ्या, थंड जागेत, बंद पाकिटात ठेवलेल्या मालाचे आहेत. सगळ्यात टिकाऊ गट, सगळ्यात चांगली साठवण आणि वर तपासणी, एवढे सगळे धरूनही हिशेब 15 वर्षांवर संपतो. दुकानदाराचा होज पंचवीसच्या पुढे गेलेला असतो. हा वाद मताचा नाही, बेरीज-वजाबाकीचा आहे.

या होजमधून काय वाहते तेही लक्षात घ्यावे. रेडिएटरची टोपी पाण्यावर दाब ठेवते, कारण दाबाखाली पाणी उशिरा उकळते. साधे पाणी 100 अंशांना उकळते. त्यावर एक बार जादा दाब दिला तर सुमारे 120 अंशांना. जुन्या गाड्यांच्या टोप्यांचा दाब सहसा याहून कमी असतो, पण तत्त्व तेच. होज फुटतो तेव्हा हा दाब एका क्षणात सुटतो आणि शंभरीच्या आसपास तापलेले पाणी वाफ होत उसळते. बॉनेट उघडून वाकलेल्या माणसाचा चेहरा आणि हात त्याच्या वाटेत असतात. हे मालकाचे नसतात, बहुतेक वेळा मिस्त्रीचे किंवा ड्रायव्हरचे असतात.

इंजिनाचेही तेच. पद्मिनीचा ब्लॉक बीडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. पाणी गेल्यावर गाडी दोन-तीन किलोमीटर रेटली तरी हेड बेंड होते, गॅस्केट उडते. त्याहून वाईट म्हणजे पाणी पूर्ण निघून गेले की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा भलतेच दाखवू शकतो, खालीही येऊ शकतो. चालवणाऱ्याला वाटते गाडी थंड झाली. आत धातू भाजत असतो. काही शेकड्यांच्या होजपायी हजारोंचे काम निघते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत ते हेड पुन्हा मिळेलच याची खात्री नसते. ओरिजिनल होजच्या हट्टापायी खरेखुरे ओरिजिनल इंजिन घालवायचे, याला शौक म्हणायचे की काय म्हणायचे?

यावर शौकीन मंडळींचे चार युक्तिवाद ठरलेले आहेत.

पहिला युक्तिवाद, ‘जुने रबर चांगले होते, आताचे भेसळीचे’. जुन्या काळच्या लाकडाबद्दल हे एकवेळ मान्य करू. रबराबद्दल नाही. पूर्वीचे होज बरेचसे नैसर्गिक रबराचे आणि त्याच्या जवळच्या कृत्रिम रबराचे असत. उष्णता आणि ओझोन यांच्यापुढे ते लवकर हार मानतात. ईपीडीएम रबर 1960 च्या दशकात बाजारात आले आणि पुढे कूलंटच्या होजसाठी जगभर तेच रूढ झाले, कारण ते सुमारे 125 अंशांपर्यंतची उष्णता, वाफ, ग्लायकॉल आणि ओझोन सहज सोसते. म्हणजे आपल्या आजोबांच्या गाडीला कारखान्यात जो होज मिळाला, त्याहून चांगला होज आज एखाद्या साध्या पेठेतल्या दुकानात मिळतो. हे कबूल करण्यात गाडीचा काही अपमान नाही.

दुसरा युक्तिवाद, ‘वरून बघा, किती काळा आणि गुळगुळीत आहे’. होज बहुधा आतून मरतो. रेडिएटर तांब्या-पितळेचा, हेड ॲल्युमिनियमचे, ब्लॉक बीडाचा, आणि मध्ये खारट किंवा जुने झालेले पाणी. ही एक लहानशी बॅटरीच झाली. त्या विद्युत-रासायनिक क्रियेने होजच्या आतल्या अस्तराला, विशेषतः क्लिपच्या जवळ, लांबट बारीक चिरा पडत जातात. त्या चिरांतून पाणी मधल्या धाग्याच्या थरापर्यंत पोहोचते, धागा कुजतो आणि एक दिवस होज उघडतो. बाहेरचा काळा गुळगुळीतपणा तोवर शाबूत असतो. बाहेरून लावलेल्या पॉलिशने तर तो आणखी शाबूत दिसतो. म्हणून गाडीवरच्या होजची तपासणी बघून नाही, बोटांनी करायची. इंजिन पूर्ण थंड असताना क्लिपजवळ दोन-तीन इंचांत होज चिमटीत दाबायचा आणि मग मधोमध दाबायचा. टोकाजवळ तो मधल्यापेक्षा मऊ, पोकळ लागला किंवा आत कुरकुरल्यासारखे वाटले, तर तो काढायचा. दाबताच कडक फळीसारखा लागला, तरी काढायचा.

तिसरा युक्तिवाद, ‘गाडी वर्षाला पाचशे किलोमीटरसुद्धा चालत नाही’. रबराला किलोमीटर मोजता येत नाहीत. उलट उभ्या गाडीतले कूलंट वर्षानुवर्षे बदलले जात नाही, त्यातली गंज रोखणारी द्रव्ये संपतात आणि ते आतून धातूलाही खाते, होजलाही. कमी चालणाऱ्या गाडीचा होज तारीख बघून बदलायचा असतो.

चौथा युक्तिवाद, ‘मूळ रूप गेले तर गाडीची किंमत जाते’. केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला त्यात वेगळी ‘व्हीए’ क्रमांकमालिका मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. त्यात रबरी होजचा मुद्दा कुठे येतो? मूळ गाडीतही होज हा तेल, पट्टा, टायर यांच्यासारखा खर्ची पडणारा भाग होता. कंपनीनेच तो बदलायचा म्हणून स्वतंत्र विकायला ठेवला होता. टायरवर आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात, ते पाहून हेच शौकीन जुना टायर नाकारतात. मग होजलाच ही सवलत कशाला? मेळाव्यात कुणी परीक्षक होजवरच्या शिक्क्यावरून गुण देत असेल, तर त्याला नम्रपणे सांगावे की साहेब, आम्ही ही गाडी चालवत आणली आहे, ट्रकवर टाकून नाही.

आता दुकानदारांकडे वळतो, आणि इथे मला आपल्या माणसांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. जुन्या सुट्या भागांच्या धंद्यात मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याची गॅरेजे, पुण्याची नाना पेठ, गावोगावची रेडिएटरची दुकाने, सगळीकडे आपली माणसे आहेत. हा कष्टाचा आणि जाणकारीचा धंदा आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण गेल्या वर्षी अशाच एका दुकानात, ज्याच्या गल्ल्यामागे 786 ची पाटी होती, मला एका जुन्या डब्यातून टॉप होज काढून दाखवला. मी तो हातात घेऊन जरा वाकवला. बाकावर केसांसारख्या भेगा उघडल्या. मी बोट ठेवले तर मालक म्हणाले, “सर, ती डिझाइन आहे.” मी विचारले, “किती वर्षांचा आहे?” उत्तर आले, “रबराला वर्षं नसतात, कंपनी बघा.”

त्या पाटीखाली बसून असे बोलणाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. ती आपल्याकडे प्रत्येक मदरशात सांगितली जाते आणि प्रत्येक बाजारात विसरली जाते. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात. वरचे धान्य कोरडे, आत ओल लागते. विक्रेता पावसाचे कारण सांगतो. ते विचारतात की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवले? आणि फसवणाऱ्याला आपल्यात न धरण्याचा इशारा देतात. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ओले धान्य विकायला बंदी नव्हती, हे लक्षात घ्या. बंदी ओल लपवायला होती. जुना होज तुम्ही जरूर विका, काचेच्या कपाटात ठेवायला घेणारेही असतात. पण त्याला चिठ्ठी बांधा की हा अमुक सालातला आहे, गाडीला लावू नये. तेवढ्याने व्यवहार हलाल होतो आणि समोरच्याचा हातही भाजत नाही.

फिकहमध्ये ‘खियार-ए-ऐब’ नावाचा हक्क आहे. विकलेल्या वस्तूत लपलेला दोष निघाला तर ती परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ‘ऐब’ हा शब्द मराठीनेही उचलला आहे, पण आपण तो माणसांसाठी वापरतो आणि मालासाठी विसरतो. रबराचे वय हा त्याचा ऐब आहे. आजच्या कायद्यातही पाकीटबंद मालावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापण्याचा नियम आहे. धर्म आणि कायदा दोन्ही एकच गोष्ट सांगत असताना ‘रबराला वर्षं नसतात’ असे म्हणणाऱ्याची बाजू कशी घ्यायची?

या जुन्या मालाच्या वेडाचे दुसरे टोक म्हणजे रंगीत सिलिकॉन. निळा, लाल, चमकदार होज बॉनेटखाली दिसला की गाडी रेसची झाली असे काहींना वाटते. सिलिकॉन वाईट नाही. ते पावणेदोनशे अंशांपर्यंत टिकते, वर सांगितलेल्या विद्युत-रासायनिक चिरा त्याला पडत नाहीत आणि ते वर्षानुवर्षे लवचीक राहते. पण त्याची दुसरी बाजू दुकानदार सांगत नाही. त्याच्या भिंतीतून पाण्याची वाफ ईपीडीएमपेक्षा खूप जास्त झिरपते, म्हणून कूलंट कुठेही न गळता कमी होत जाते. ते मऊ असल्याने भोकाभोकांच्या पट्टीची साधी क्लिप त्यात रुतून ते कापते. त्याला आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप लागते. आणि तेल लागले की ते बिघडते, तर जुन्या इंजिनाला तेलाचे पाझर असतातच. ज्या इंजिनाचे पाणी शंभर अंशांच्या आसपास राहते, त्याला पावणेदोनशे अंशांच्या होजची गरज काय? पैसे असतील तर जरूर घ्या, पण योग्य क्लिपसकट घ्या आणि पाण्याची पातळी बघत राहा.

मग घ्यायचे काय? मी ज्या मिस्त्रींकडून शिकलो, ज्यांना त्यांची पोरे उस्ताद म्हणतात, त्यांच्या हाताखाली उभे राहून आणि वाचून जे पक्के झाले ते इथे लिहितो.

ईपीडीएमचा, मूळ बाक साच्यातच दिलेला होज घ्यावा. त्यावर ‘एसएई जे-20’ छापलेले असेल तर उत्तम. त्यात आर-4 हा रेडिएटरच्या होजचा प्रकार, आर-3 हिटरच्या होजचा. उत्पादनाची तारीख विचारावी. होजवर नसेल तर पाकिटावर बघावी. कुठेच नसेल तर दुसरे दुकान बघावे. कापलेल्या टोकाकडे निरखून पाहावे. आतल्या आणि बाहेरच्या रबराच्या मध्ये धाग्याचा थर स्पष्ट दिसला पाहिजे. धागा नसलेला नुसता रबरी पाइप बागेला पाणी घालायला ठीक आहे. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी. नकली मालाची तक्रार करणाऱ्यांना एवढी परीक्षा पुरेशी आहे. आणि नकली नव्यावर उपाय म्हणजे चांगला नवा, कुजका जुना नव्हे.

माप जुन्या होजवरून घेऊ नये, कारण तो फुगलेला असतो. रेडिएटरच्या आणि थर्मोस्टॅटच्या नळीचे बाहेरचे माप कॅलिपरने घ्यावे, होजचा आतला व्यास त्याला जुळवावा. सैल होज क्लिपने आवळून बसवणे किंवा तोकडा होज ताणून घुसवणे, दोन्ही चूक. जुना होज फेकू नये, बाक जुळवायला तो दुकानात न्यावा. तंतोतंत होज नाही मिळाला तर दुसऱ्या गाडीच्या, बाक जुळणाऱ्या लांब होजमधून हवा तेवढा तुकडा कापून घेता येतो. आपले मिस्त्री हे कायम करत आले आहेत, आणि याला जुगाड म्हणून नाक मुरडणाऱ्यांना त्यातले शहाणपण कळलेले नसते. सरळ पाइप मात्र जबरीने वाकवू नये, तो बाकावर चपटा होतो. वळ्यावळ्यांचा ‘सगळ्या गाड्यांना चालणारा’ होज रस्त्यात अडल्यावर घरी पोहोचण्यापुरता ठीक. त्याच्या वळ्यांत चिरा पडतात आणि ताठरपणामुळे रेडिएटरच्या पितळी नळीवर ताण येतो. इंजिन रबरी माउंटवर हलत असते, म्हणून होजला थोडी ढील हवीच.

बॉटम होजकडे खास लक्ष द्यावे. तिकडून पंप पाणी ओढतो. रेडिएटर थोडा तुंबला तर त्या ओढीने मऊ होज आत बसतो आणि वेगात गाडी तापते. मूळ होजमध्ये तारेची स्प्रिंग असेल तर नव्यातही हवी, आणि जुनी गंजलेली स्प्रिंग पुन्हा टाकू नये. इंजिनावर छोटा बायपास होज असेल तर तोही त्याच दिवशी बदलावा. सगळ्यात आधी तोच विसरला जातो. हिटर असेल तर त्याचेही दोन.

बसवताना नळीवरचा पांढरा थर आणि जुन्या रबराचे कण साफ करावेत. होज सरकवायला साबणाचे पाणी किंवा कूलंटच लावावे. ग्रीस किंवा ऑइल नको, ईपीडीएम खनिज तेलाने फुगते. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला, होजच्या टोकापासून थोडी मागे बसावी. रबर क्लिपच्या दोन्ही बाजूंनी फुगून येईल इतकी आवळू नये. गाडी दोन-तीनदा गरम-थंड झाली की थंड असताना एकदा पुन्हा तपासावी. आणि नव्या होजमध्ये जुने लाल गंजाचे पाणी ओतू नये. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी तर नकोच. गंजरोधक कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरावे.

आता मिस्त्रीचा मुद्दा. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या धंद्यांत जास्त आहे असे नोंदवले, त्यांत वाहनदुरुस्ती आहे. माझ्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे पाय दहावीच्या आधीच गॅरेजकडे वळतात हे मी दरवर्षी पाहतो. हातात कसब येते, पण कसब असलेल्याचा शब्द चालत नाही. मालक इंग्रजी व्हिडिओ बघून येतो, जुना होज हातात देतो आणि म्हणतो, “तू फक्त बसव.” हातावर पोट असलेला माणूस एकदा ‘नको साहेब’ म्हणतो, दुसऱ्यांदा बसवतो. फुटल्यावर तोच साहेब चौकात सांगतो की त्या मिस्त्रीने गाडी बिघडवली. मग त्या मिस्त्रीच्या नावावरून पुढे आणखी काय काय बोलले जाते, ते इथे लिहायची गरज नाही. वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे.

म्हणून मिस्त्री बांधवांना माझी विनंती आहे की तोंडी ‘नको’ म्हणून थांबू नका. ग्राहकाने आणलेला जुना होज बसवायचा नाही, असे गॅरेजच्या भिंतीवर मराठीत, उर्दूत, हिंदीत लिहून लावा. नवा होज बसवलात तर महिना आणि वर्ष पांढऱ्या रंगाने त्यावर लिहा, पावतीवर मालाची छापील तारीख टाका आणि काढलेला होज मधोमध चिरून मालकाला आतली बाजू दाखवा. ती एकदा पाहिलेला मालक पुन्हा वाद घालत नाही. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारा मुलगा लिहील. त्यासाठी आम्ही मास्तर आहोत.

मालकांना एवढेच सांगणे आहे की गाडी जपायची असेल तर मीटर, दिवे, सीटचे कापड, हबकॅप जपा. त्यासाठी जुने बाजार पालथे घाला, मीही घालतो. होज, पट्टा, ब्रेकची रबरे यांना मात्र तारीख विचारा, आणि जो दुकानदार तारीख सांगणार नाही त्याच्याकडून घेऊ नका, मग तो आपला असो की परका. पावसाळा संपून ईद-दिवाळीच्या प्रवासाचे बेत ठरायच्या आत बॉनेट उघडा, थंड इंजिनावर चारही टोके दाबून बघा, आणि शंका आली तर त्याच आठवड्यात ताजा होज बसवून घ्या.